घाटाकडचा बोळ

गेल्या चैत्रात आमच्या घरी एक कागद आला आणि त्या कागदापायी माझे धाकटे दीर माझ्याशी बोलेनासे झाले. इतक्या वर्षांच्या संसारात भांड्याला भांडं लागलं नाही असं कोण म्हणेल? पण अबोला कधी धरला नव्हता कुणी. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसले आहे.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, नदीच्या अंगाला. जुना दुमजली वाडा. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती आणि त्यावर माळवद. घराच्या उजव्या हाताला सहा फूट रुंदीचा एक बोळ आहे. बोळ संपला की अकरा पायऱ्या आणि पायऱ्या संपल्या की कृष्णामाई. सांगलीत विष्णुघाट आहे, सरकारी घाट आहे, माई घाट आहे. आमच्या पायऱ्यांना नाव नाही. पण आमच्या मागच्या गल्लीतल्या तीस-चाळीस घरांचा तोच घाट. पहाटे पोहायला जाणारी मंडळी, गोधड्या धुवायला जाणारी परटीण, कार्तिकात दिवे सोडायला जाणाऱ्या बायका, गणपती घेऊन जाणारी पोरं, आणि दहाव्याला जाणारी माणसंसुद्धा याच बोळातून जातात. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बोळावरच उघडते. फोडणी काय घातली ते साऱ्या गल्लीला कळतं.

मी लग्न होऊन आले १९७९ साली. माहेर वाईचं. वाईच्या मुलीला नदीचं काय कौतुक? आमच्याकडे आळी-आळीचा घाट असतो आणि हिवाळा संपता संपता एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव बसतो. घाटावरच पंगती उठतात. लहानपणी आम्ही ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवर परकर खोचून पाण्यात पाय सोडून बसत असू आणि हाका मारमारून आईचा घसा बसे. तेव्हा सासर नदीकाठचं आहे एवढ्या एका गोष्टीवर मी खूश होते. बाकी ह्यांचा पगार वगैरे वडिलांनी पाहिला.

आता कागदाकडे वळते.

वाडा आता थकला आहे. २००५ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी आलं, तेव्हा आम्ही आवराआवर करून पुन्हा उभे राहिलो. २०१९ च्या ऑगस्टात मात्र आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट, यावरून काय ते समजा. वरच्या मजल्याच्या सहाव्या पायरीपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर मातीच्या भिंतींना जे ओल धरलं ते अजून सुटलेलं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. (पूर ओसरल्यावरचा एक अनुभव जाता जाता सांगते. गाळ ओला असतानाच काढावा. ‘उद्या बघू’ म्हटलं की तो सिमेंटसारखा बसतो. पितळेची भांडी आधी नुसत्या पाण्यानं धुवावीत, चिंच नंतर. आणि घराची कागदपत्रं माळ्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. आमचं मालमत्ता पत्रक लाडवांच्या डब्यात होतं म्हणून वाचलं.)

ह्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. संडास खाली, झोपायची खोली वर. मुलगा पुण्याला. तेव्हा एका बांधकाम व्यावसायिकानं वाडा पाडून इमारत बांधायचं सुचवलं, तेव्हा खरं सांगते, सगळ्यात जास्त आनंद मला झाला. खाली नुसते खांब आणि गाड्या, घरं वरून सुरू. पुराचं पाणी आलं तरी खालून जाईल. लिफ्ट. स्वयंपाकघरात उंच ओटा आणि खिडकीपाशी बेसिन. मी तर मनातल्या मनात डबेसुद्धा लावून टाकले.

नदीकाठी असं सहजासहजी बांधता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. जलसंपदा खात्यानं नदीला दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. दोन रेषांच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर उचलावं लागतं. आम्ही सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. त्या रेषांना आमच्या घराचा पत्ता कुणी दिला नसावा. असो. आमचा वाडा दोन्ही रेषांच्या मध्ये येत होता, म्हणजे जमण्यासारखं होतं.

अडचण निघाली ती बोळाची. मालमत्ता पत्रकावर बोळ आमच्या हद्दीत आहे. नकाशात त्या बोळावर गाड्या आत घ्यायचा उतार होता, त्याला लागून एक दुकानाचा गाळा आणि नदीच्या बाजूला आठ फुटांची भिंत. गाळा दिरांच्या वाट्याचा. त्यांच्या मुलाला औषधांचं दुकान काढायचं आहे. नोकरी सुटून दोन वर्षं तो घरी बसला आहे. तेव्हा तो गाळा म्हणजे त्या घराची चूल होती, हे मी आधीच सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, भाऊजी लोभी आहेत. ते तसे नाहीत. २०१९ ला आम्ही महिनाभर विश्रामबागला त्यांच्याच घरी राहिलो होतो.

भिंतीची बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागतो? एका गुरुवारी आरती झाल्यावर मारुतीच्या देवळापुढच्या पारावर सगळे जमले. आम्हालाही बोलावलं. हे म्हणाले, “तू जाऊन ऐकून ये.” भाऊजी आले होते. मी बायकांच्यात मागे बसले.

मला वाटलं होतं, सगळे एका बाजूला आणि आम्ही एका बाजूला. तसं झालं नाही. पहिल्यांदा उठल्या त्या चौकातल्या नव्या इमारतीतल्या एक बाई. त्यांची मुलगी बारावीला. शिकवणीहून येताना संध्याकाळी साडेसातला आमच्याच बोळात कुणीतरी तिची ओढणी ओढली होती. त्या म्हणाल्या, “तुमची नदी तुम्हाला लखलाभ. रात्री पायऱ्यांवर बाटल्या घेऊन कोण बसतं ते मी गच्चीवरून रोज बघते. भिंत घाला नाहीतर दार घाला, पण काहीतरी घाला.” हे बोलताना त्यांचा आवाज कापत होता. कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही.

मग एक निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, नदी आता राहिली आहे कुठे? शेरी नाल्याचं पाणी वर्षानुवर्षं नदीत मिसळतंय. त्या पाण्यात पाय घालू नये असं आपणच मुलांना सांगतो, मग तिथे जायच्या वाटेसाठी भांडायचं कशाला? घरात नळ आहेत.

परटीण म्हातारी झाली आहे, पण आवाज खणखणीत. “मास्तर, तुमच्या नळाला दिवसाआड पानी. दसऱ्याच्या वक्ताला धा घरच्या गोधड्या मी काय तुमच्या बादलीत धू?” सगळे हसले. मास्तरही हसले.

होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणारा एक तरुण मुलगा होता, तो उभा राहिला. तो म्हणाला, “पाणी घाण आहे ते खरं. पण घाण झालंय हे सांगतं कोण? मासे मेलेले पहिल्यांदा दिसतात ते आम्हाला. रोज जातो म्हणून दिसतात. भिंत घातल्यावर काय नदीत सोडतील ते कुणाला कळणार पण नाही.” याच मुलानं २०१९ ला आम्हाला वरच्या मजल्याच्या खिडकीतून नावेत घेतलं होतं. रात्रीचे नऊ, वीज नाही, पाऊस. पाण्याखाली पायऱ्या कुठे, आमच्या जोत्याचा दगड कुठे पुढे आला आहे, त्याला सगळं ठाऊक. ह्यांचा पाय घसरला तेव्हा तो म्हणाला होता, “काका, डावीकडं टेका, तिथं भिंत आहे.” आणि होतीच. पण त्या संध्याकाळी पारावर त्यानं यातलं काहीच काढलं नाही. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

भाऊजींनी शांतपणे सांगितलं, “जागा आमची आहे. इतकी वर्षं आम्ही जाऊ दिलं, कुणाला अडवलं नाही. त्याचं हेच फळ का?” तेही काही चूक नव्हतं. सभा संपली तेव्हा काहीच ठरलं नव्हतं. त्या मुलीची आई जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, “काकू, राग मानू नका, तुमच्याच बाजूनं बोलले मी.” तर त्याही आमच्याच बाजूच्या! आमची बाजू नक्की कोणती, हे तोवर माझं मलाच कळलं नव्हतं.

चार दिवसांनी तो कागद आला. दीड पानाचं प्रतिज्ञापत्र. त्यात एक वाक्य होतं: सदर बोळातून आजूबाजूचे लोक केवळ आमच्या परवानगीने व सौजन्याने ये-जा करीत असत, त्यावर त्यांचा कोणताही हक्क नाही. खाली तीन सह्यांच्या जागा. ह्यांची, भाऊजींची आणि माझी. सासूबाईंनी मृत्युपत्रात वाड्याचा एक हिस्सा माझ्या नावावर ठेवला होता. का ठेवला ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

माझा भाचा साताऱ्याला वकिली करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “मामी, त्या एका वाक्यातच सगळं आहे.” आपल्याकडे वहिवाटीच्या हक्काचा १८८२ चा कायदा आहे. एखाद्या वाटेवरून माणसं वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता, आणि हक्कानं जात असतील तर ती वाट त्यांची होऊ शकते, मालकी कुणाची का असेना. पण तीच माणसं तुमची परवानगी घेऊन जात असतील तर मात्र नाही. वर्षं कितीही होवोत. म्हणून तो शब्द तिथे घातलेला.

मग त्यानं गोव्याची एक हकीकत सांगितली. दोना पावलाजवळ वायंगिणीचा समुद्रकिनारा आहे. तिथे मोठं हॉटेल झालं आणि किनाऱ्याकडे जायच्या जुन्या वाटेवरून तंटा उभा राहिला. गावकरी कोर्टात गेले. एक पिढी गेली असेल त्यात. शेवटी २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं वाट मोकळी करायला सांगितलं. समुद्रकिनारे, नद्या यांचं सरकारसुद्धा मालक नसतं, लोकांच्या वतीनं नुसतं विश्वस्त असतं, असं न्यायालयाचं म्हणणं. मी म्हटलं, “अरे, तिथे समुद्र, इथे अकरा पायऱ्या.” तो म्हणाला, “पायऱ्या किती ते कोर्ट मोजत नाही. तुम्ही एवढंच आठवा, लोक विचारून जात होते की न विचारता?”

फोन ठेवला आणि मला कुरडया आठवल्या.

१९८१ चा उन्हाळा असेल. लग्नाला दोन वर्षं झालेली, अंगात नव्या सुनेचा उत्साह. पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला आणि माळवदावर जाण्याचा कंटाळा म्हणून बोळातच, ऊन येतं त्या भिंतीकडेला, धोतरावर कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, जाईच्या फुलांसारख्या. दहा वाजता नदीपलीकडच्या मळ्यातली भाजीवाली टोपली घेऊन वर आली. नावेतून उतरलेली, पाय चिखलानं भरलेले. तिनं बिचारीनं अंग चोरून चालायचा प्रयत्न केला, तरी धोतराच्या कडेवर पाऊल उमटलंच. पाच-सहा कुरडया गेल्या. मी भडकले. “दिसत नाही का? वाट आमची आहे. विचारून जात जा यापुढे.” ती काही न बोलता गेली. टोपलीत कृष्णाकाठची काटेरी वांगी होती, ती मला अजून दिसतात.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या. धोतराची दोन टोकं स्वतः धरली, दोन मला धरायला लावली आणि सगळं वाळवण माळवदावर नेलं. वर गेल्यावर, धाप टाकत, एवढंच म्हणाल्या, “विचारायला पाहिजे होतं ते आपण. वाटेत वाळवण घालताना.”

तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाली आली तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडून दोन शेर वांगी जास्तीची घेतली आणि मला भरली वांगी करायला लावली. मी केली. चांगली झाली होती, पण मला घास गिळवला नाही.

तर, परवानगी होती की नव्हती? ज्या बाईचं घर, तिचंच म्हणणं असं होतं. माझ्याशिवाय ते ऐकलेलं कुणी आज हयात नाही. मी गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? तीन रात्री हाच विचार करत होते. एकदा वाटे, आपल्याला या वयात काय करायचंय, सही करून मोकळं व्हावं. ह्यांना खाली-वर करताना जिन्यात धरून उभं राहावं लागतं, तेव्हा तर फारच वाटे. एकदा वाटे, त्या मुलीच्या आईचं काय चुकलं? मग त्या कागदातला ‘सौजन्य’ हा शब्द आठवे. मी कुरडयांवरून त्या बाईला बोलले, त्याला आता सौजन्य म्हणायचं!

चौथ्या दिवशी भाऊजी कागद घ्यायला आले. ह्यांची सही झाली होती. मी म्हटलं, “भाऊजी, मला हे खरं वाटत नाही. मी सही करणार नाही.” आणि कुरडयांची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, “वहिनी, कुरडयांवरून माझ्या पोराचं दुकान बुडवताय.” कागद तसाच टेबलावर ठेवून गेले. चहा केलेला होता, तो घेतला नाही. ह्यांनी त्या दिवशी मला काही म्हटलं नाही. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, “आईनं तुझ्या नावावर हिस्सा का ठेवला ते आता कळलं.” ते रागानं म्हणाले की कशानं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुढे व्यावहारिक गोष्टी झाल्या. वादातल्या जागेवर हात घालायची बांधकाम व्यावसायिकाची तयारी नव्हती. त्यानं तक्रार न करता दुसरा नकाशा आणला. बोळ आहे तसा सोडला, भिंत गेली. गाळा लहान होऊन रस्त्याच्या बाजूला आला. औषधांच्या दुकानाला तेवढी जागा पुरेल की नाही यावर भाच्याचं आणि दिरांचं अजून चाललं आहे. आमच्या घराचं क्षेत्रफळ थोडं कमी झालं. माझं बेसिन खिडकीपासून दूर गेलं, याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मंजुरी अजून यायची आहे. तोवर आम्ही वाड्यातच आणि जिनाही तसाच.

त्या मुलीच्या आईला मी जाऊन भेटले. पुन्हा एकदा पारावर बसलो, या वेळी बायकाच जास्त. दार नको, दिवा हवा, यावर जमलं. आमच्या माळवदाच्या कोपऱ्यावरून एक आणि खाली पायऱ्यांशी एक. पायऱ्यांशी दिवा लागायला महापालिकेकडे तीन अर्ज करावे लागले, वरचा आम्ही आमच्या मीटरवरून घेतला. बाटल्यावाली टोळकी उजेडात बसत नाहीत, पलीकडे सरकली आहेत. म्हणजे प्रश्न सुटला असं नव्हे, पलीकडच्या घाटावर गेला. ती मुलगी अजूनही शिकवणीहून मोठ्या रस्त्यानंच येते. तिच्या आईनं मला ते सांगितलं तेव्हा मी काय बोलणार?

भाऊजी दिवाळीला आले नाहीत. भाऊबीज ह्यांच्या बहिणीकडे झाली, तिथे दोघे भाऊ एकाच पाटावर बसल्यासारखे बसले आणि एकमेकांशी हवापाण्याचं बोलले. माझ्याशी नाही.

कार्तिकी पौर्णिमेला संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वाती वळत होते. बोळातून बायकांची वर्दळ सुरू झाली होती. खिडकीच्या गजांवर कुणीतरी बांगड्यांनी टकटक केलं. बघते तर जाऊबाई. हातात द्रोणातला दिवा, खांद्याला पिशवी. पुढच्या दारानं आल्या असत्या तर नवऱ्याला सांगावं लागलं असतं. “नदीला आले होते,” म्हणाल्या, आणि गजांतून कागदात गुंडाळलेली एक पुडी आत सरकवली. भडंग होतं, ह्यांना आवडतं तसं, जास्त लसणाचं. मी म्हटलं, “थांबा, मीही येते.” वाती तशाच ठेवल्या, चपला घातल्या आणि मागच्या दारानं बोळात उतरले.